‘इन-फेमस’ नव्हे

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे पत्र आले. क्रीडांगण, स्नेहसंमेलने, जुनी इमारत यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचे आहे ते इंग्रजीच्या बाईंबद्दल, म्हणजे खरे तर ‘इन्फमस’बद्दल.

‘फेमस’ सगळ्यांनाच येतो. त्याच्याआधी ‘इन’ लागला की वर्ग एकसुरात ‘इन-फेमस’ म्हणायचा. बाई हनुवटीखाली पालथा हात धरायला लावत. शब्द सावकाश म्हणायचा. जबडा जितक्यांदा हाताला टेकेल तितके सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे. फे-मस दोन, इन्-फ-मस तीन. (‘इम्पॉसिबल’ला ही युक्ती फसते. सिलेबल चार, पण शेवटच्या ‘बल’ला जबडा जेमतेम हलतो आणि हात तीनच मोजतो. बाई हेही आधीच सांगून ठेवत.)

मोजणी बरोबर येऊनही उच्चार चुकायचा तो आघातामुळे. ‘फेमस’मध्ये जोर ‘फे’वर असतो. ‘इन्फमस’मध्ये तो ‘इन्’वर सरकतो आणि जोर गेलेला स्वर इंग्रजीत फिका पडतो, म्हणून ‘फे’चा ओझरता ‘फ’ उरतो. हा शब्द इंग्रजीत ‘इन’ डकवून झालेलाच नाही, त्याचे मूळ लॅटिनमधले. म्हणून अर्थही ‘अप्रसिद्ध’ नसून ‘कुप्रसिद्ध’. ‘फायनाइट’चेही तेच: ‘इन्फिनिट’ म्हणताना दोन्ही ‘आय’ गळतात. असे शब्द थोडेच आहेत, ते पाठच करावे लागतात. ‘इनकरेक्ट’, ‘इलीगल’मध्ये मूळ शब्दाचा जोर जागचा हलत नाही.

‘इन’चा ‘इम’ का होतो, हे त्यांनी अनुस्वारावरून सांगितले. ‘संत’ म्हणताना अनुस्वाराचा न् होतो, ‘संप’ म्हणताना म्, कारण ‘प’साठी ओठ मिटायचेच असतात. ‘पॉसिबल’आधी ‘इम’ येतो तो त्याच कारणाने. इतके सोपे स्पष्टीकरण मला पुढे कुठल्याही जाड व्याकरणात मिळाले नाही.

‘अन’ मात्र सरळमार्गी, मूळ शब्दाला धक्का लावत नाही. फक्त ‘अन्-नेसेसरी’त दोन्ही न ऐकू यायला हवेत, उलट ‘इलीगल’च्या स्पेलिंगात ल दोन असले तरी उच्चारात एकच.

आपण मराठी माणसे प्रत्येक अक्षराला साधारण सारखे वजन देतो आणि देवनागरीत आघात दाखवायची सोय नाही. बाई कोशातल्यासारखी, जोराच्या सिलेबलआधी वरच्या अंगाला छोटी उभी रेघ मारत. आता मोबाइल उच्चार ऐकवतो, अगदी बिनचूक. पण जोर कुठून कुठे सरकला ते सांगत नाही. इंग्रजी शब्दाखाली देवनागरी लिहून पाठ करणारी मुले अजूनही आहेत. त्यांना निदान ती रेघ तरी कुणी शिकवावी.