आयर्नवीड, एचओए आणि माझे चार महिने

एचओएच्या, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, पत्रात लिहिलं होतं, 'बारा इंचांहून उंच वाढलेले तण, चौदा दिवसांत काढावे.' सोबत फोटो होता माझ्या आयर्नवीडचा, म्हणजे मागच्या अंगणातल्या जांभळ्या फुलांच्या उंच झाडांचा. तेही मे महिन्यातलं. म्हणजे मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या तशाच उभ्या, आणि बुडातून कुठे नवे कोंब फुटायला लागलेले. दिसायला भकास दिसतं, मान्य. पण त्या काड्या मी मुद्दाम ठेवल्या होत्या, देठांत छोट्या रानटी मधमाश्या घर करतात म्हणून.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. घराच्या मागे पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथे चिकणमातीत कायम ओल. दोन वेळा लॅव्हेंडर लावली, दोन्ही वेळा कुजली. मग नर्सरीतल्या बाईंनी न्यूयॉर्क आयर्नवीड सुचवलं. इथलंच रानरोप, ओल आवडते, ऊन हवं, आणि पानं कडू असल्यामुळे हरणं सहसा तोंड लावत नाहीत. आमच्याकडे हरणांनी होस्टा, ट्यूलिप सगळं फस्त केलेलं, त्यामुळे मी तेवढ्यावरच पाघळले. या वंशाचं नाव व्हर्नोनिया. विल्यम व्हर्नन नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलेलं, आणि तो सतराव्या शतकाच्या शेवटी झाडं गोळा करत फिरला तो याच मेरीलँडमध्ये! हे मी पुढे अर्जातही लिहिलं. कुणी वाचलं नसणार.

तर अर्ज, झाडं ठेवायच्या परवानगीचा. चार पानी. झाडाचं नाव, संख्या, जागेचा नकाशा, पूर्ण वाढल्यावरची उंची. मी सरळ लिहिलं, आयर्नवीड, तीन, सात फूट. नवरा म्हणाला, "अगं, नावातच वीड आहे, म्हणजे तण, ते कसे सोडतील?" मी हसले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'तण लावण्यास परवानगी देता येत नाही.'

मग फोन. फोन उचलणाऱ्या बाई गोड होत्या, पण प्रत्येक वेळी वेगळ्या. एकीने सांगितलं पुन्हा अर्ज करा, दुसरी म्हणाली अर्ज नको, अपील करा. अपील समितीपुढे जातं, समिती दुसऱ्या मंगळवारी बसते, आणि जुलैमध्ये बसतच नाही, कारण सगळे सुट्टीवर. तोवर दंडाचं काय? 'ते दुसऱ्या विभागाकडे.' आपल्याकडच्या तलाठी कार्यालयाला मी आयुष्यभर नावं ठेवली, ते सगळे शब्द मागे घेते.

या धास्तीत जूनच्या सुरुवातीला मी एक काम केलं. कात्री घेतली आणि तिन्ही झाडं गुडघ्याएवढी छाटून टाकली. अक्षरशः रडवेली झाले होते. पण महिन्याभरात प्रत्येक छाटलेल्या देठाला बगलेतून फांद्या फुटल्या, झाड दाट झालं आणि उंची साडेचार फुटांवर थांबली. नंतर कळलं, माळी लोक हे मुद्दाम करतात. फक्त जून उलटल्यावर छाटू नका, कळ्या जातील.

खरा उपयोग झाला तो कायद्याचा. मेरीलँडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून कायदा आहे की रेन गार्डन (पावसाचं पाणी जिरवणारी बाग) किंवा परागवाहकांसाठीच्या, म्हणजे मधमाश्या-फुलपाखरांसाठीच्या, बागेवर एचओएला अवाजवी बंधनं घालता येत नाहीत. अट एकच, बागेची नियमित निगा राखायला हवी. ते वाक्य मी अपिलात जसंच्या तसं घातलं, कडेने विटांची ओळ रचली, त्याचा फोटो जोडला, आणि नावाच्या रकान्यात फक्त 'व्हर्नोनिया नोव्हेबोरासेन्सिस' हे शास्त्रीय नाव लिहिलं. या शेवटच्या लबाडीचा मला थोडा अभिमान आहे. तुमच्याकडेही एचओए असेल तर आधी अर्ज, मग रोप. मी उलटं केलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मंजुरी आली. तोवर फुलं ऐन भरात! पाकळ्या अशा नाहीतच, नुसते गडद जांभळे झुपके, आणि त्यावर मोनार्क फुलपाखरं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "ही तर सहदेवीची थोरली बहीण." बरोबर ओळखलं तिने. आपली रस्त्याकडेची सहदेवीही पूर्वी व्हर्नोनियातच मोजायचे. यंदा गौरींपुढच्या फुलदाणीत तेरड्याच्या जागी हेच होतं.

हो, रोपं विकत घ्या हे सांगायचं राहिलं. बियांपासून करायचं तर थंडी द्यावी लागते. ओल्या वाळूत, पिशवीत, दोन-तीन महिने फ्रिजमध्ये. आमच्याकडे ती पिशवी एकदा मसाला समजून कुणीतरी उघडली होती. शिवाय बऱ्याच बिया पोकळ निघतात, म्हणून भरपूर पेरा. पहिल्या वर्षी बहुतेक नुसती पानंच येतात. वसंतात कोंबही उशिरा दिसतात, मेलं समजून उकरू नका. मी एक उकरलं होतं.