यवतमाळात चालणारा मोडेम जिनिंगवर का पडतो

राळेगाव तालुक्यातली एक जिनिंग. कापूस हंगाम ऐन भरात आणि वजनकाट्यावरून शेतकऱ्यांना जाणारे वजनाचे एसएमएस बंद. केबिनमधल्या संगणकावर हंगामाआधीच उबुंटू २२.०४ नव्याने टाकलेलं. त्याला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर, पुढे सिम घालून एसएमएस पाठवणारा जीएसएम मोडेम. काट्याचा इंडिकेटर मदरबोर्डच्या पोर्टवर असल्याने वजन मात्र येत होतं. मोडेम अ‍ॅडाप्टरसकट यवतमाळच्या दुकानात तपासून आणलेला. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, यवतमाळात तर मेसेज गेला, इथंच नाही जाऊन राहिला."

कन्व्हर्टर लावला की त्याचा पोर्ट, टीटीवाययूएसबी०, क्षणभर दिसे आणि गायब होई. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, नाव स्पष्ट होतं: बीआरएलटीटीवाय. ब्रेल डिस्प्लेसाठीचा हा प्रोग्राम कन्व्हर्टरमधल्या सीएच३४० चिपचा १ए८६:७५२३ हा यूएसबी ओळख-क्रमांक आपल्याच उपकरणाचा समजून पोर्ट बळकावतो. इथे ब्रेल कोणी वापरत नाही, म्हणून तो काढला. जिथे वापरतात तिथे युडेव्हच्या (उपकरणं ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) नियमफाइलमधली तेवढीच ओळ बंद करावी, अख्खा प्रोग्राम काढू नये.

पोर्ट टिकला, तरी मिनिकॉम या सीरियल टर्मिनलमध्ये टाइप केलेलं पुढे सरकेना. केबल तीनच तारांची, पिन २, ३ आणि ५. 'पाठवू का' आणि 'पाठव' सांगणाऱ्या आरटीएस-सीटीएस तारा जोडलेल्याच नाहीत, आणि मिनिकॉम मूळ सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवतो, म्हणजे त्याच तारांवरच्या होकाराची वाट बघतो. ते बंद करताच एटी या मोडेमच्या मूळ कमांडला ओके आलं. सिम तयार, नेटवर्क नोंदणी ०,१ म्हणजे झालेली, पण सिग्नल विचारणाऱ्या एटी+सीएसक्यूचं उत्तर ७, म्हणजे उणे ९९ डीबीएम. अगदीच अशक्त.

खरी गंमत इथून पुढे. स्क्रीन स्वच्छ राहावी म्हणून एटीई० देऊन इको, म्हणजे टाइप केलेली अक्षरं मोडेमने परत दाखवणं, बंद केला होता. मेसेज लिहून तो पाठवायला कंट्रोल-झेड दाबलं. ना मेसेज गेल्याची सीएमजीएस ही पावती, ना एरर. थोड्या वेळाने एटी टाइप केलं तर अक्षरं स्क्रीनवर उमटली. इको आपोआप चालू होत नाही. तो सेटिंग साठवून ठेवलेला नव्हता, म्हणजे पाठवता पाठवता मोडेम स्वतःच रीस्टार्ट झाला होता.

मल्टिमीटर मात्र १२ व्होल्ट ठाम दाखवत होता. त्यावर भरवसा ठेवू नये: जीएसएमचा एक बर्स्ट (प्रक्षेपणाचा झटका) ५७७ मायक्रोसेकंदांचा, मीटर सरासरी दाखवतो, त्या क्षणी व्होल्टेजला पडणारा खड्डा नाही. टॉवर लांब असला की ९०० बँडवर मोडेम २ वॉटपर्यंत जोर लावतो आणि आतलं मॉड्यूल साधारण ४ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढतं. १२ व्होल्टच्या बाजूला हे पाऊण अँपिअरच्या घरात जातं. अ‍ॅडाप्टरवर छापलेलं होतं ५०० मिलिअँपिअर. कुण्या सेट-टॉप बॉक्सचा असावा. यवतमाळात टॉवर जवळ, जोर कमी लागतो, म्हणून तिथे तोच अ‍ॅडाप्टर पुरला.

१२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर लावला. अँटेना केबिनच्या आत, टिनाच्या छपराखाली होता. तो बाहेर काढून चुंबकासह त्याच टिनावर बसवला, कारण अशा अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतोच. केबल मुद्दाम वाढवली नाही. बारीक कोअ‍ॅक्समध्ये दर मीटरला सुमारे १ डीबी जातो. सीएसक्यू १६ झाला. मेसेज गेला, सीएमजीएसचा क्रमांक आला, आणि नंतर एटी टाइप केलं तेव्हा अक्षरं उमटली नाहीत, म्हणजे मोडेम रीस्टार्ट झाला नव्हता. उरलं ते वापरकर्त्याला डायलआउट या सीरियल पोर्टची परवानगी देणाऱ्या गटात घालणं.