कागदावर दोनदा पाणी

२८ मे २०२४ रोजी, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागून चौथा दिवस असताना, दुपारी दीडच्या सुमारास मी आमच्या रुग्णालयाच्या प्रसूतीपश्चात कक्षात कूलरची नोंदवही हातात धरून उभा होतो, आणि त्या नोंदवहीतील शब्द न् शब्द खरा होता. कक्षात सहा कूलर असायला हवे होते, ते होते. सहाही चालू होते. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना पाण्याने भिजणारे पडदे, त्याच हंगामात बदललेल्या होत्या, पंप जागेवर होते, आणि सकाळी आठ वाजता टाक्या भरल्याची पाणी भरणाऱ्याची सही होती. तरीही दाराजवळच्या खाटेवरील बाई एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटाने आपल्या दोन दिवसांच्या बाळाला वारा घालत होती, आणि मी कूलरसमोर हात धरला तेव्हा हाताला लागली ती झळ होती.

नागपुरातील एका सरकारी रुग्णालयाच्या भांडार व खरेदी शाखेत मी बरीच वर्षे काम करीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे ही येथे बातमी नसते, त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी कूलर भाड्याने घेण्याची निविदा काढणे हे आमचे दरवर्षीचे काम आहे. कूलरची संख्या, पंख्याचा आकार, टाकीची क्षमता, ताट्यांचा प्रकार, पंप आणि पाणी भरायला माणसे किती, एवढे लिहिले की निविदा पूर्ण झाली असे आम्ही मानत होतो. त्या कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरांनी मे महिन्यात तीन पत्रे पाठवली होती आणि तिन्ही वेळा आमच्या शाखेने ‘कंत्राटदाराकडून करारातील अटींनुसार सेवा सुरू असल्याचे आढळून आले’ असे उत्तर दिले होते. चौथ्या वेळी त्यांनी पत्र पाठवले नाही. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्ही दुपारी या. सकाळी येऊ नका.’

मी गेलो तेव्हा त्यांनी सलाईनच्या स्टँडला लटकवलेला एक थर्मामीटर दाखवला. तो लसींच्या फ्रीजमधला जुना, उणे ३० ते अधिक ५० अंशांपर्यंत खुणा असलेला थर्मामीटर होता. सिस्टरांनी आठ दिवस तो वेगवेगळ्या खाटांच्या डोक्याशी ठेवून सकाळी १०, दुपारी २ आणि सायंकाळी ६ वाजताचे आकडे एका जुन्या तापतक्त्याच्या मागे लिहून ठेवले होते. सकाळी ३१, दुपारी ३९, सायंकाळी ३७, असेच आकडे थोड्याफार फरकाने रोज होते. त्या मला म्हणाल्या, ‘बारा वाजेपर्यंत बरं असतं. नंतर नुसता पंखा फिरतो.’

मी एका कूलरची बाजूची ताटी काढून आत पाहिले. टाकीच्या तळाशी पांढऱ्या क्षारांचा थर वाळून तडकलेला होता आणि पंप कोरडाच घुरघुरत होता. कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाला बोलावले. तो धावत आला, जराही गोंधळला नाही, आणि खिशातून करारनाम्याची घडी घातलेली छायाप्रत काढून म्हणाला, ‘साहेब, सकाळी आठला अन् संध्याकाळी चारला, दोनदा भरायचं तुमच्या कागदावर लिहून आहे. एक दिवस नाही चुकलो मी.’ त्याचे म्हणणे बरोबर होते. ‘कूलरच्या टाकीत दररोज दोन वेळा पाणी भरणे बंधनकारक राहील’ ही अट २०२१ मध्ये मीच लिहिली होती, कारण त्याआधीचा कंत्राटदार पाणी भरण्यात टाळाटाळ करीत असे आणि ‘बंधनकारक’ हा शब्द लिहिल्यावर आपण प्रश्न सोडवला असे मला वाटले होते. नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत मोठा कूलर तासाला २० ते २५ लिटर पाणी सहज संपवतो. टाकी १०० लिटरची. सकाळी आठला भरलेले पाणी बाराच्या सुमारास संपणार आणि नेमक्या सर्वांत तापलेल्या चार तासांत सहा पंखे बाहेरची गरम हवा आत ढकलत राहणार, हा हिशेब कागदावर दोन ओळींत मांडता आला असता. तो मी मांडला नव्हता, कारण मी टाकीकडे पाहून अट लिहिली होती, खाटेकडे पाहून लिहिली नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून कक्षाच्या सगळ्या खिडक्या आणि वरच्या झडपा घट्ट बंद होत्या. कूलरला एअर कंडिशनरचा नियम लागत नाही. त्याने आत ढकललेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर हवा कोंदते, दमट होते आणि थंडावा थांबतो. कूलर लावणाऱ्या माणसाला हे ठाऊक होते, पण झडपा उघडणे त्याच्या करारात नव्हते, आणि परिचारिकांना ते कोणी सांगितले नव्हते. सेवेचा प्रत्येक भाग कोणी ना कोणी नीट पार पाडत होते, फक्त त्या बाईपर्यंत थंड हवा पोहोचवणे हे कोणाचेच काम नव्हते.

त्या उन्हाळ्यापुरता तोडगा आम्ही आठवडाभरात काढला. टाक्यांना नळाची जोडणी करून टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारे बॉल कॉक बसवले आणि झडपा उघडल्या. पुढच्या वर्षीचा मसुदा मात्र वेगळा लिहायचा, असे मी ठरवले आणि हिवाळी अधिवेशनाची धावपळ संपल्यावर डिसेंबरच्या शेवटी लिहायला बसलो. पहिल्याच दिवशी एक वाक्य लिहून मला फार समाधान वाटले: ‘कक्षातील तापमान ३० अंशांपेक्षा अधिक असू नये.’ कूलर किती, पंप कोणता, माणसे किती, हे सगळे कंत्राटदाराने ठरवावे. आम्ही फलनिष्पत्ती मागावी आणि तिचेच पैसे द्यावेत.

जानेवारी २०२५ मध्ये निविदा भरू इच्छिणाऱ्यांबरोबर झालेल्या बोलीपूर्व बैठकीत ते वाक्य दहा मिनिटेही टिकले नाही. एका बोलीदाराबरोबर आलेले, आयुष्यभर कूलर दुरुस्त करीत आलेले एक वयस्क मेकॅनिक शांतपणे उठून म्हणाले, ‘साहेब, रोहिणीत कूलर थंड करतो, मृगात फक्त वारा देतो. मृगात ३० अंश लिहून द्यायला मी तयार नाही, अन् जो लिहून देईल तो खोटं लिहून देईल.’ त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो, त्यामुळे हवा किती कोरडी आहे यावर त्याची मर्यादा ठरते. कंत्राटदाराच्या हातात नसलेल्या गोष्टीवर त्याचे देयक अवलंबून ठेवले, तर प्रामाणिक माणूस बोलीच भरत नाही, किंवा दंडाची रक्कम आधीच दरात मिळवून मोकळा होतो. दोन्ही प्रकारांत भुर्दंड रुग्णालयालाच.

मग त्यांच्याकडूनच समजून घेत आम्ही अट बदलली. बाहेरच्या व्हरांड्यात सावलीत दोन तापमापक लावायचे, एक कोरडा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. हवा जितकी कोरडी, तितका दोन्हींतला फरक मोठा आणि तितकाच कूलरला वाव जास्त. मे महिन्यात कोरडा ४५ अंश दाखवत असेल तेव्हा ओला साधारण २४ दाखवतो. या फरकाच्या किमान ६० टक्के इतके तापमान खाटेपाशी कमी झाले पाहिजे, असे लिहिले. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी खाटेपाशी सुमारे ३२, आणि जूनमधल्या ढगाळ दिवशी कोरडा ३४ व ओला २९ असेल तर ३१. ऋतूने जेवढी मुभा दिली आहे तेवढी मिळवून देणे ही कंत्राटदाराची जबाबदारी, त्यापलीकडची नाही. वीज किंवा पाणी रुग्णालयाच्या बाजूने बंद असेल तर तो काळ वगळायचा. स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो म्हणून तापमानाच्या वाचनाच्या वेळा सकाळी ११, दुपारी ३ आणि रात्री १२ अशा धरल्या. तीनपैकी दोन वाचने नापास झाली तर त्या कक्षाचा त्या दिवसाचा दर द्यायचा नाही.

मोजणार कोण आणि कशाने, यावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते आणि संवेदकात बिघाड असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला होता. एका बोलीदाराने त्याची आठवण करून दिली आणि विचारले, ‘तुमचं यंत्र असं बिघडलं तर आमचं देयक कापणार का?’ त्यामुळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अंशशोधन प्रमाणपत्र, म्हणजे यंत्र अचूक मोजते याचा दाखला, असलेली, स्वतः नोंद ठेवणारी छोटी यंत्रे घ्यायची आणि शंका आल्यास दुसऱ्या यंत्राने दोघांसमक्ष मोजायचे, हे करारात आले. परिचारिकांवर तिन्ही वेळच्या नोंदीचे ओझे टाकायचे नाही, हा आग्रह मी धरला होता. त्या आधीच पुष्कळ लिहितात.

लेखाधिकाऱ्यांना सुरुवातीला हा सगळा प्रकार पसंत नव्हता. प्रति कूलर प्रति महिना दर असला की मागच्या वर्षाशी तुलना करता येते. ‘प्रति कक्ष प्रति दिवस’ या दराची तुलना लेखापरीक्षणात कशाशी दाखवणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांच्यापुढे केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १४४ ठेवला. तो आम्हाला थेट लागू नाही, तरी खरेदी करणाऱ्या संस्थेची नेमकी गरज काय, ती स्पष्ट लिहावी आणि अनावश्यक वैशिष्ट्ये टाळावीत, हे तत्त्व त्यात सरळ सांगितले आहे. कूलरची संख्या ही आमची गरज नव्हती. त्यांनी नस्तीवर सही केली आणि त्याच बैठकीत मला न सुचलेली एक गोष्ट सांगितली: ‘तुम्ही ज्या खाटेपाशी यंत्र लावाल, त्याच खाटेकडे ते कूलरची तोंडं वळवतील.’ म्हणून यंत्राची जागा दर आठवड्याला इन्चार्ज सिस्टरांनी, कोणालाही आधी न सांगता, ठरवायची, ही अट आली. आकडा सांभाळण्यासाठी रुग्णाला विसरले जाण्याचा धोका अशा प्रत्येक करारात असतो, आणि हिशेब तपासणाऱ्या माणसाला तो सर्वांत आधी दिसतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

सगळेच मात्र फलनिष्पत्तीवर सोडायचे नसते. कूलरच्या लोखंडी अंगातून विजेचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतच असतात. ‘अपघात होऊ नये’ असे लिहून आम्ही अपघाताची वाट पाहू शकत नव्हतो, म्हणून अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचे वीजगळती-संरक्षक उपकरण आणि दर महिन्याची तपासणी या गोष्टी जुन्या पद्धतीनेच, बारकाव्यांसह लिहिल्या. टाकीत डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करणे हेही तसेच ठेवले, कारण डेंग्यूचा डास अंड्यातून आठवडाभरात बाहेर पडतो आणि तो कोणत्या टाकीतून आला हे नंतर कोणी सिद्ध करू शकत नाही. पाणी भरणाऱ्या व देखभाल करणाऱ्या कामगारांचे किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या अटी तर मी अधिक कडक केल्या. ‘कसे करायचे ते तुम्ही ठरवा’ असे कंत्राटदाराला सांगितले की पहिली काटकसर मजुरीत होते, आणि मुख्य नियोक्ता या नात्याने ती जबाबदारी आमची असते.

२०२५ च्या मार्चअखेरीस काम सुरू झाले. प्रसूतीपश्चात कक्षात सहाऐवजी चारच कूलर आले, ते पाहून सिस्टर घाबरल्या. पण कंत्राटदाराच्या माणसांनी समोरच्या भिंतीतील झडपांत हवा बाहेर फेकणारे दोन पंखे बसवले होते, पश्चिमेच्या खिडक्यांना हिरवी जाळी बांधली होती आणि टाक्यांना कायमची नळजोडणी दिली होती. हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा पुन्हा ४४ अंशांवर गेला तेव्हा दुपारी तीनचे खाटेपाशी वाचन ३२ आले, आणि मी ते स्वतः तीन खाटांपाशी तपासले.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी सात वाजता, सिस्टरांचा फोन आला. रात्री तीन वाजता बाळंतिणी बाळांना चादरीत गुंडाळून छातीशी धरून बसल्या होत्या. मी यंत्रातील नोंद काढून पाहिली. बाहेर २६ अंश, कक्षात २१. रात्री १२ चे वाचन नापास होऊ नये म्हणून कंत्राटदाराने चारही कूलर रात्रभर पूर्ण वेगाने चालू ठेवले होते. आमच्या सूत्राप्रमाणे त्याने ते चालू ठेवायलाच हवे होते, कारण तापमान किती उतरले पाहिजे एवढेच मी लिहिले होते. ते कुठे थांबले पाहिजे हे लिहिले नव्हते. नवजात बाळाच्या खोलीचे तापमान २५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी शिफारस आमच्याच इमारतीतील नवजात कक्षाच्या भिंतीवर लावलेली आहे.

मी त्याच दिवशी पुरवणी करारनाम्याचा मसुदा केला: ‘बाहेरील तापमान काहीही असो, प्रसूतीपश्चात कक्षात खाटेच्या डोक्याशी तापमान २६ अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये, तसे झाल्यास ते वाचन नापास समजण्यात येईल.’ कंत्राटदाराने हरकत घेतली नाही. मसुदा टंकलेखनाला देण्यापूर्वी मी तो सिस्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, माझ्या खिशातील पेन मागून घेतले, ‘खाटेच्या डोक्याशी’ हे शब्द खोडले आणि वर लिहिले, ‘बाळ निजते त्या बाजूला’.