रोही म्हणजे हरीण नव्हे

परवा तुरीच्या वावरात, जंगलाकडच्या धुऱ्याला लागून एक शिंग सापडलं. माझ्या हातभर लांब, तीन टोकांचं. भाच्यानं उचललं आणि विचारलं, "मामा, कोणं मारलं असन जी याले?"

कुणीच नाही. मी त्याला शिंगाचं बूड दाखवलं. कुऱ्हाडीचा घाव नाही, कवटीचा तुकडा चिकटलेला नाही. खरखरीत, किंचित फुगलेली चकती आणि भोवती दाणेदार कडं. चितळाचं शिंग असं आपोआपच गळतं. मग नवं फुटतं, तेव्हा त्यावर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की कातडी सुकते आणि नर ती झाडाला घासून काढतो. उरतं ते निव्वळ हाड. एका टोकाला सायाळीच्या दातांच्या खाचाही होत्या. गळलेली शिंगं ती कुरतडते.

हरणाच्या कुळाची खरी ओळख हीच. आमच्या ताडोबाकडच्या पट्ट्यात या कुळातले तिघं: चितळ, सांबर आणि भेडकी, म्हणजे भेकर. शिंगं फक्त नराला. भेडकीच्या नराला तर वरच्या जबड्यात सुळेही असतात. मादीला शिंगं म्हणाल तर ती तिकडे बर्फातल्या रेनडिअरला.

रोही (म्हणजे नीलगाय), काळवीट, चौसिंगा मात्र गाईबैलांच्या कुळातले. त्यांचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढवलेली खोळ, ती जन्मभर तशीच. 'नीलगाय' हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मानलं पाहिजे. काळवीटाला सगळे हरीणच म्हणतात, म्हणोत बापडे.

पण पंचनाम्यात तरी बरोबर लिहावं ना! गेल्या साली रोह्यांनी माझी तूर खाल्ली आणि कागदावर आलं 'हरीण'. मी म्हटलं, साहेब, हे शेंडे माझ्या डोक्याएवढ्या उंचीवरचे आहेत, आणि तो पाहा लेंड्यांचा ढीग, रोही एकाच जागी येऊन टाकतो. साहेब म्हणाले, सगळं एकच हाय जी. खाल्लेला शेंडा पाहून चितळ की रोही ते सांगता येत नाही, हे मलाही कबूल. दोघांनाही वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे शेंडा ओढून तोडल्यासारखा फाटका दिसतो. सशानं खाल्लेला कसा कोयत्यानं तिरपा छाटल्यासारखा साफ असतो. पण उंची आणि लेंड्या खोटं बोलत नाहीत.

भाच्याला शिंग घरी न्यायचं होतं. गळलेलं असलं तरी ठेवता येत नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. वनरक्षकाला फोन केला, तो संध्याकाळी घेऊन गेला. भाचा तोंड पाडून बसला, पण लगेच त्याच्या डोक्यात आलं की शिंगं दोन असतात. तेव्हापासून शाळा सुटली की पोट्टा धुऱ्यावरच.