पोटाची प्रयोगवही: दूध झालं, गहू उलगडला, डाळी बाकी

कोणता पदार्थ पोटाला मानवत नाही हे शोधायला संशयित पदार्थ काही आठवडे वर्ज्य करण्याचा टप्पा आटोपला. आता एकेक पदार्थ ताटात परत आणायचा आणि पोट काय म्हणतं ते वहीत उतरवायचं. खरी गंमत इथेच आहे, पण बरेच जण इथवर पोचतच नाहीत. दूध बंद, गहू बंद, कांदा-लसूण बंद, बरं वाटलं की प्रयोग संपला, असं धरून चालतात. चार-पाच गोष्टी एकदम सोडल्यावर बरं वाटलं तर त्यातलं नेमकं काय बाधत होतं हे कसं कळणार? आणि ज्यांचा काही दोष नाही ते पदार्थही मग उगाच जन्मभर बाहेर राहतात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. ही वही न मानवण्याची आहे, ॲलर्जीची नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ-जीभ सुजत असेल, श्वास कोंडत असेल, तर तो पदार्थ घरी थोडासा खाऊन बघण्याच्या फंदात पडू नका. तिथे रोगप्रतिकारक यंत्रणा कामाला लागलेली असते आणि कणभर पदार्थही जिवावर बेतू शकतो. तसंच वजन आपोआप उतरणं, शौचात रक्त, ताप, रक्तक्षय, पोटाच्या त्रासाने झोपेतून जाग येणं, यांपैकी काही असेल तर वही मिटून डॉक्टरांकडे जायचं. लहान मुलं, गरोदर बाया आणि खाण्याशी पूर्वी भांडण झालेली माणसं यांनीही हा खेळ एकट्याने खेळू नये.

आता किटांबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. बोटाला टोचून रक्ताचे दोन थेंब पाठवायचे आणि शे-दोनशे पदार्थांची लाल-पिवळी-हिरवी यादी मिळवायची, असले किट बहुधा आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी तयार होणं हे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाल्याचं लक्षण आहे, वैर असल्याचं नव्हे. ॲलर्जीतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २००८ मध्येच या चाचण्या न मानवण्याच्या निदानासाठी वापरू नयेत असं सांगितलं, अमेरिकी आणि कॅनेडियन संघटनांचंही तेच मत आहे. माझ्या यादीत अंडं ठळक लाल होतं. अंडी मी जवळपास रोज खाते आणि अंड्यांनी मला कधी काही केलेलं नाही. केस पाठवून किंवा हात दाबून होणाऱ्या 'चाचण्यां'वर मी शाई खर्च करत नाही.

मग घरी तपासायचं कसं? मी लो-फॉडमॅपची चौकट धरली आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाची ही पद्धत. फॉडमॅप ही संज्ञा २००५ साली आली. लहान आतड्यात नीट शोषले न जाणारे छोट्या साखळीचे कार्बोदक पदार्थ त्यात मोडतात: फ्रुक्टॅन (गहू, कांदा, लसूण यांतले), जीओएस (डाळींतले), लॅक्टोज (दुधातली साखर), जादा फ्रुक्टोज (फळं-मधातली साखर) आणि सॉर्बिटॉल-मॅनिटॉलसारखी पॉलिऑल (साखरेचे अल्कोहोल). ते आतड्यात पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतात आणि वायू तयार होतो. वायू सगळ्यांच्याच पोटात होतो. काहींचं आतडं त्या ताणाला जास्त हळवं असतं, एवढाच फरक. वर्ज्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा, त्यापुढे ताणायचा नाही. या आहारात आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्यही कमी पडतं आणि बायफिडोबॅक्टेरिया घटतात.

परत आणण्याची रीत साधी आहे. बाकी जेवण कमी फॉडमॅपचंच ठेवायचं आणि एका वेळी एकाच गटाचा एकच पदार्थ घ्यायचा. तीन दिवस मात्रा चढती ठेवायची, त्रास झाला तर तिथेच थांबायचं. मग पोट पुन्हा मूळ पदावर येईपर्यंत विश्रांती, नंतर पुढचा गट. जो पदार्थ पास झाला तोही सगळ्या चाचण्या संपेपर्यंत ताटाबाहेरच राहतो. हे फार जिवावर येतं, पण त्याशिवाय हिशेब लागत नाही.

वहीच्या रकान्यांत या खेपेला बदल केला. पूर्वी 'पोट फुगलं: हो/नाही' असं होतं, आणि 'हो' हे उत्तर मूडवर ठरायचं. आता टेप घेतला. उभं राहून, श्वास सहज सोडून झाल्यावर, बेंबीच्या रेषेत माप घ्यायचं. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि रात्रीच्या जेवणाआधी एकदा. पहिल्याच आठवड्यात कळलं की अगदी निवांत दिवशीही संध्याकाळचं माप सकाळपेक्षा जास्तच भरतं. दिवसभरात सगळ्यांचंच पोट थोडं वाढतं, त्यामुळे तुलना सकाळ-संध्याकाळची न करता या संध्याकाळची त्या संध्याकाळशी करायची. शौचासाठी ब्रिस्टल तक्त्याचा आकडा लिहिते, १ म्हणजे खडे आणि ७ म्हणजे पाणी. त्याखेरीज झोप, धावपळ आणि पाळीचे दिवस. शेवटचा रकाना बऱ्याच जणींच्या वहीत नसतो, आणि मग पाळीच्या आधीच्या फुगण्याचं खापर गव्हावर फुटतं.

आणि वेळ. खाल्ल्याची वेळ आणि त्रासाची वेळ, दोन्ही लिहा. लॅक्टोज सहसा अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत बोलतं. फ्रुक्टॅनचा त्रास मोठं आतडं गाठल्यावर सुरू होतो, त्याला कित्येक तास लागतात. त्यामुळे रात्री पोटात गुबारा धरला की रात्रीच्या जेवणाला बोल लावण्याआधी दुपारची ओळ वाचायची.

दुधावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे आंधळी चाचणी, म्हणजे आपण काय घेतोय हे स्वतःला माहीत नसताना करायची चाचणी, घरच्या घरी खरंच करता येते. मोठेपणी लॅक्टेज हे लॅक्टोज पचवणारं विकर कमी होणं ही जगातल्या बहुसंख्य माणसांची रीतच आहे, मोठेपणीही दूध पचणं हा अपवाद. पण लॅक्टेज कमी असणं आणि त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. दुधात १०० मिलीला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम म्हणजे जवळपास एक मोठा कप.

चाचणी अशी. एकाच पिशवीतलं दूध दोन सारख्या बाटल्यांत. एकीत लॅक्टेजचे थेंब घालून चोवीस तास फ्रिजमध्ये, दुसरी तशीच शेजारी. अडचण चवीची येते. लॅक्टेजने लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झालं की दूध गोड लागतं आणि पहिल्या घोटातच गुपित फुटतं. म्हणून साध्या बाटलीत थोडी साखर, आणि दोन्हींत सारखीच कोको पावडर. दोन्ही बाटल्यांतलं एकेक चमचा दूध घरातल्या दोन माणसांना चाखायला दिलं. त्यांना ओळखता येईना तेव्हाच बाटल्या प्रयोगाला घेतल्या. कोणत्या दिवशी कोणती बाटली हे नाणं उडवून नवऱ्याने ठरवलं, कागदावर लिहून पाकिटात बंद केलं, आणि त्या काळात त्याने माझ्याशी दुधाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही असा करार झाला. (करार पाळला, पण चेहरा फार गंभीर ठेवत होता. पुढच्या वेळी बाटली टेबलावर ठेवून खोलीबाहेर जायला सांगणार आहे.)

किती फेऱ्या कराव्यात? नुसत्या अंदाजाने पाच फेऱ्यांत पाचही उत्तरं बरोबर येण्याची शक्यता ३२ पैकी १ असते. दोन फेऱ्यांत दोन्ही बरोबर येणं ४ पैकी १, म्हणजे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाचच्या खाली थांबू नका.

पाकीट फोडल्यावर जे निघालं ते असं: जेवणासोबत एक कप दूध असताना माझी उत्तरं नाण्यासारखीच होती. लॅक्टोज काढलेल्या दुधानंतरही मी 'गुरगुर, किंचित कळ' असं बिनधास्त लिहिलं होतं. उपाशीपोटी दुप्पट मात्रेच्या फेऱ्यांत मात्र प्रत्येक वेळी साधं दूध बरोबर ओळखलं, आणि टेपही माझ्या बाजूने होता. म्हणजे मला दूध बाधतं हे खरं, पण ते रिकाम्या पोटी भरपूर घेतलं तर. दही मला पहिल्यापासून चालतं, त्यामागे कारणही आहे. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात आणि उरलेलं पचवायला आतड्यातही मदत करतात. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे 'दुग्धजन्य सगळं बंद' हा फतवा रद्द.

इथेच फुंकून करायच्या यंत्रांविषयी. न शोषलेल्या साखरेपासून जिवाणू जो हायड्रोजन तयार करतात तो श्वासात मोजणारी हातात मावणारी यंत्रं आता घरी वापरली जातात. दवाखान्यातल्या चाचणीत साधारण २५ ग्रॅम लॅक्टोज देतात आणि सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) किंवा जास्त वाढ झाली तर लॅक्टोज शोषलं गेलं नाही असं धरतात. आदल्या दिवशीचं जेवण, रात्रभराचा उपास, धूम्रपान, सगळ्याने आकडा हलतो. काहींच्या पोटात हायड्रोजनऐवजी मिथेन होतो आणि नुसतं हायड्रोजनचं यंत्र गप्प बसतं. यंत्र फार तर एवढंच सांगतं की साखर शोषली गेली नाही. त्रास होतो की नाही ते वहीच सांगणार.

गव्हाकडे वळण्याआधी एक कडक सूचना. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, सोडायच्या आधी सीलिॲकची रक्तचाचणी करून घ्या; सीलिॲक म्हणजे ग्लुटेनमुळे रोगप्रतिकारक यंत्रणा आतड्यालाच इजा करते तो आजार. टीटीजी-आयजीए ही चाचणी आयजीए जातीची प्रतिपिंडं मोजते आणि ग्लुटेन खात असतानाच खरं बोलते. सोडून बसल्यावर प्रतिपिंडं उतरतात आणि चाचणी खोटाच दिलासा देते. वैद्यकीय मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेचा सल्ला असा की चाचणीपूर्वी किमान ६ आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन हवं. सोबत एकूण आयजीएही मोजायला सांगा. ज्यांच्यात आयजीए मुळातच कमी असतं त्यांची चाचणी उगाच निगेटिव्ह येते, आणि घरी करायच्या पट्ट्यांमध्ये ही पळवाट राहते. माझी चाचणी वर्ज्य सुरू करण्यापूर्वीच निगेटिव्ह आली होती, म्हणून पुढचं सगळं करता आलं.

गव्हात ग्लुटेन असतं तसे फ्रुक्टॅनही असतात, आणि कांदा-लसणात ग्लुटेनचा पत्ता नसताना फ्रुक्टॅन मात्र भरपूर. ही जोडी लावली की प्रयोग सुचतोच. आधी ब्रेड: एक काप चालला, दोन काप चालले, तीन कापांना पोट तट्ट. पूर्ण विश्रांती. मग लसूण. अर्ध्या पाकळीवरच रात्री मुरडा. पुन्हा विश्रांती, आणि मग लसणाचं तेल: पाकळ्या तेलात मंद तापवून, तेल गाळून, पाकळ्या टाकून. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात नाही, त्यामुळे तेलात वास-चव उतरते आणि फ्रुक्टॅन पाकळीतच राहतात. तेल कितीही घातलं तरी पोट शांत. हे तेल ताजं करा आणि ताजंच संपवा. लसूण तेलात घालून बाहेर ठेवला तर बोट्युलिझमच्या जिवाणूंना आयती जागा मिळते.

शेवटी शुद्ध गव्हाचं ग्लुटेन, म्हणजे पीठ मळून वाहत्या पाण्याखाली धूत राहिल्यावर हातात उरणारा रबरासारखा गोळा. पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत धुवायचा. स्टार्चसोबत बरेचसे फ्रुक्टॅनही वाहून जातात. तो शिजवून खाल्ला, काही झालं नाही. म्हणजे माझं भांडण ग्लुटेनशी नाही. स्वतःला ग्लुटेन सोसत नाही म्हणणाऱ्या, पण सीलिॲक नसलेल्या लोकांवर नॉर्वेमध्ये आंधळी चाचणी झाली होती, ती २०१८ मध्ये छापून आली. त्यातही सरासरीने जास्त त्रास फ्रुक्टॅननेच झाला होता.

या सगळ्यावरून चाचण्या संपल्यावरचं ताट ठरलं ते असं: ब्रेड दोन कापांपर्यंत राहील, त्यातही शक्यतो लांब आंबवलेला, कारण आंबवताना फ्रुक्टॅन घटतात. लसणाऐवजी त्याचं तेल, कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. दूध जेवणासोबत. आणि थोड्या मात्रेत चालणाऱ्या पदार्थांची बेरीज एका जेवणात होऊ द्यायची नाही. दोन काप ब्रेड चालतो, एक कप दूध चालतं, पण दोन्ही एकत्र आणि वर मधाचा चमचा असं झालं की टेप बोलतो. पॉलिऑल मी चटकन उरकले: मश्रूमने काही केलं नाही, बिनसाखरेच्या च्युइंगमने केलं. च्युइंगमशिवाय जगता येतं, म्हणून तिथे जास्त खोदलं नाही.

आता डाळी. इथे जीओएस हा गट आहे, आणि तोही पाण्यात विरघळतो. म्हणून एकच डाळ दोन प्रकारे शिजवणार: एकदा रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात, आणि एकदा भिजवलेल्याच पाण्यात. दोन्ही घोटून सारख्या दाट करायच्या, मीठ-मसाला मोजून. मात्रा पाव वाटीपासून सुरू. पाकीट नवऱ्याकडेच. रंगात फरक पडतो का ते आधी बघायला हवं, नाहीतर दिवा मंद करून जेवावं लागेल.