तबकडी फेकण्यात खेळ कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फिनलंडहून बेळगावला परतल्यापासून टिळकवाडीतले शेजारी, खानापूरची आत्या, निपाणीचे मामा, सगळ्यांचा माझ्या डिस्क गोल्फबद्दल एकच प्रश्न: तबकडी फेकायची, चालत जाऊन उचलायची, पुन्हा फेकायची, यात खेळ कसला?

खेळ आहे तो झाडांशी. डिस्क म्हणजे ही तबकडी. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्यात घालतात, डिस्क गोल्फमध्ये खड्ड्याऐवजी खांबावर टोपली असते आणि तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. डिस्क साखळ्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. साखळ्यांची ही टोपली अमेरिकेतल्या एड हेड्रिक यांनी काढली. त्यांनीच १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं, तेव्हा टोपल्याही नव्हत्या, नुसते खांब होते.

मी हेलसिंकीच्या ताली भागातल्या सार्वजनिक मैदानावर खेळायचो. पाइन आणि बर्चची झाडं जिथे होती तिथेच ठेवून त्यांच्यामधून वाटा काढलेल्या. उजव्या हाताने, छातीसमोरून झोकलेली डिस्क वेगात असेपर्यंत बऱ्यापैकी सरळ जाते आणि वेग ओसरला की डावीकडे कलते. समोरून वारा आला तर आधी उजवीकडे उलटू पाहते. मग झाडाला कोणत्या बाजूने वळसा घालायचा, पातळ कडेची लांब जाणारी डिस्क घ्यायची की जवळच्या अंतराची जाड कडेची, हे फेकण्याआधी मनात जुळवावं लागतं. जुळवल्याप्रमाणे ती दोन खोडांमधून वळून गेली की जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कुठल्याच खेळाने दिलेला नाही.

आणि दार सगळ्यांना उघडं. तिकिट नाही, सभासदत्व नाही. शाळकरी पोरं, आजोबा, कामावरून थेट आलेल्या बायका, सगळे एकाच वाटेवर. वाटेत कोणी फिरायला आलेलं दिसलं की ते पुढे जाईपर्यंत थांबायचं, हा शिष्टाचार तिथे सगळेच पाळतात. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, तोवर खेळ चालतो. हिवाळ्यात बर्फात डिस्क गडप होऊ नये म्हणून तिला रिबन चिकटवतात, पण खेळ थांबवत नाहीत.

बेळगावात जमेल का? माझ्या मते नक्की. आमच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडी पाहिली की माझ्या डोळ्यांसमोर वाटा आखल्या जातात. एकही फांदी तोडायची गरज नाही. साखळ्यांची टोपली नसली तरी उलटी बादली चालेल. सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, तेव्हा नको. पावसाळ्यात गवत वाढलं की भडक रंगाच्या डिस्क घ्यायच्या. माझ्याकडे पुरेशा आहेत. आत्या, तुम्हीही या. हलकी डिस्क तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.