शेतीचा तास आणि भाताचा हंगाम

माध्यमिक शाळेत शेती शिकवताना जमिनीपेक्षा वेळापत्रकाची अडचण मोठी असते, असे माझे मत ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील शाळा पाहून पक्के झाले आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा भाताची पेरणी झालेली तरी असते किंवा होण्याच्या बेतात असते. लावणी ऐन रंगात असते तेव्हा वर्गात चाचणी परीक्षेची तयारी चाललेली असते, आणि कापणी-झोडणीच्या सुमारास दिवाळीची सुट्टी लागते. मग विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते ती एका दिवसाची क्षेत्रभेट. गुडघाभर चिखलात उभे राहून काढलेल्या छायाचित्रात आनंद नक्कीच असतो, पण पीक कसे वाढते आणि कशामुळे बिघडते, हे त्यातून कळत नाही.

म्हणून चार-पाच विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाकडे खाचराचा, म्हणजे बांध घातलेल्या भातशेताचा, एक लहानसा तुकडा बियाण्यापासून मळणीपर्यंत राहावा आणि त्याची नोंदवही त्याच गटाने ठेवावी, असा माझा आग्रह आहे. अमेरिकेत १९१७ साली संमत झालेल्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती शिकणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांसाठी वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालील प्रत्यक्ष काम आवश्यक ठरवले होते. आपल्याकडे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करता करता शिकावे याच विचारावर. तेव्हा कल्पना नवी नाही. तिला पुरेसा सलग काळ देण्याचे धैर्य मात्र शाळांनी दाखवायला हवे.

सुरुवात बियाण्यापासून करावी. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे सोडले की पोचट दाणे वर तरंगतात आणि भरीव दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकून उरलेले बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. घनतेचा धडा इतक्या सहजपणे दुसरीकडे क्वचितच शिकवता येतो. त्यानंतर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले की उगवणीची टक्केवारी विद्यार्थी स्वतःच मोजतात. रोपवाटिकेसाठी एका बाजूला घरच्यासारखा राब भाजावा, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजावी, आणि दुसऱ्या बाजूला न भाजता शेणखत घालून गादीवाफा, म्हणजे उंच सपाट वाफा, करावा. राब भाजल्याने तण कमी होते असे आजोबा सांगतात, ते खरे किती हे वाफ्यातील तण मोजून ठरवता येते. आजोबांचे म्हणणे खोडून काढण्याची घाई शिक्षकाने करू नये.

माझ्या मते या विषयाचा गाभा लावणीत आहे. कोकणात प्रसार झालेल्या चारसूत्री पद्धतीत दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा आलटूनपालटून करतात आणि दोन्ही दिशांना त्याच अंतराने दोन-तीन रोपांचा एकेक चूड लावतात. ४० सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड बसतात, म्हणजे चौरस मीटरला २५. जवळजवळच्या चार चुडांच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल युरिया-डीएपी या रासायनिक खतांची २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी खोचायची असते. मग गुंठाभर खाचराला खत किती लागेल, हे नववीच्या विद्यार्थ्याला बांधावर बसून काढता येते. उत्तर सुमारे १ किलो ७०० ग्रॅम येते. शेजारी नेहमीच्या पद्धतीने लावलेली तेवढीच जागा तुलनेसाठी ठेवावी, कारण तिच्याशिवाय काढलेल्या कोणत्याही निष्कर्षाला आधार राहत नाही.

पुढे दर आठवड्याला ठरलेल्या दहा चुडांचे फुटवे, म्हणजे बुंध्यातून फुटलेल्या नव्या काड्या, मोजावेत. मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेले कोवळे पान, सुकलेला दिसला तर तो ओढून पाहावा. तो सहज हातात आला, तर खोड उभे चिरून आतली खोडकिड्याची अळी शोधावी. कीटकनाशके मात्र विद्यार्थ्यांच्या हाती कधीही देऊ नयेत. पायाला जखम असलेल्या मुलाला खाचरात उतरवू नये, कारण पावसाळ्यात आपल्या भागात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा धोका खरा असतो.

कापणीला प्रत्येक गटाने एक चौरस मीटर वेगळा कापून, झोडून, वाळवून तोलावा. चौरस मीटरमागे ४०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी ४० क्विंटल, हा हिशेब एकदा समजला की सरकारी आकडेवारीही मुले निराळ्या नजरेने वाचू लागतात. गुण मात्र उत्पादनावर देऊ नयेत. ज्या गटाचे पीक खोडकिड्याने गेले, पण ते केव्हा आणि कसे गेले हे ज्याच्या वहीत नीट सापडते, त्या गटाला मी पूर्ण गुण देईन.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील किंवा नवी मुंबईत ऐरोली-कोपरखैरणेतील शाळांकडे खाचर नसते, तेव्हा त्यांनी भाताचा हट्ट न धरता गच्चीवर क्रेटमध्ये मेथी घ्यावी. ती महिन्याभरात काढणीला येत असल्याने एका सत्रात दोन-तीनदा पेरता येते आणि दर वेळी खत किंवा पाण्याचे प्रमाण, यांपैकी एकच गोष्ट बदलून पाहता येते. वाशीच्या घाऊक बाजारातील आणि ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील बाजारातील जुडीचे भाव एकाच दिवशी टिपून आणले, तर शेतमालाच्या अर्थकारणाचा पाठही त्यातच होतो.

ग्रामीण शाळांनी तुकड्याची जागा, बियाणे आणि सुट्टीत पाण्यावर लक्ष ठेवणारे पालक एप्रिलमध्येच ठरवून ठेवावेत. दिवाळीच्या सुट्टीतील कापणीचे दिवस शाळेचे दिवस म्हणून धरावेत आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर त्याच गटाला वाल पेरू द्यावा.